मोरीजवळचा कॉलम

वाल्मिकच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला चहाच्या आधी भिंत दाखवली जायची. सुरतेत नवागामच्या गल्लीतलं ते घर म्हणजे दोन खोल्या, एक मोरी आणि वर उघडी गच्ची. पण ते दाखवायला वाल्मिकला अर्धा तास पुरायचा नाही. तो कामाला होता त्या लूमखात्याला, यंत्रमागांच्या कारखान्याला, आठवड्यातून एक सुट्टी. तशा चार वर्षांच्या सुट्ट्या खर्ची घालून, मिस्त्री न लावता, त्याने ते स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. सगळं दाखवून झालं की तो भिंतीवर मुठीचे दोन दणके घालायचा आणि म्हणायचा, "एक गोणी सिमिट कमी पडू दिधी नई मी!"

पाहुणा मान डोलवायचा. सरलाबाई मात्र नेमकी त्याच वाक्याला चहा बघायला आत पळायची. एकोणीस वर्षं तिचा चहा बरोबर त्याच क्षणाला ऊतू जात होता.

कारण सिमेंट कमी पडलं होतं, आणि ते फक्त तिला ठाऊक होतं.

मोरीजवळचा कॉलम भरायचा होता त्या दिवसाची ही गोष्ट. नवराबायकोची कामं वाटलेली होती. वर चढून ओतायचं वाल्मिकने, खाली माल कालवायचा सरलाबाईने. एका गोणीला सहा घमेली रेती आणि बारा घमेली खडी, हे माप ती कधी चुकली नव्हती. त्या दिवशी शेवटची गोणी फोडली तर अर्धी गोणी ओल लागून दगड झालेली. सांगावं तर काम थांबणार, साच्याच्या फळ्यांचं भाडं वाढणार आणि पुढची सुट्टी आठ दिवसांनी. वरून वाल्मिक ओरडत होता, माल दे, माल दे. सरलाबाईने ढेकळं कुटून त्यांचं पीठ केलं, वर रेती चार घमेली जास्त ओढली आणि माल वर दिला. फळीवाल्याची माणसं फळ्या काढायला आली तेव्हा वाल्मिक लूमवर होता. कॉलमला पडलेले खळगे तिने एकटीनेच लिंपून घेतले. पुढे प्लास्टर झालं, कॉलमसमोर गव्हाची कोठी आली, आणि डोक्यावर नुसता स्लॅब होता म्हणून कॉलमनेही तेवढं ओझं निमूट पेललं.

आता मात्र ओझं वाढणार होतं. मुलगा योगराज, सून चंचल आणि आठ महिन्यांची नात या खोल्यांत मावत नव्हती. वर दोन खोल्या चढवायच्या ठरल्या, बँकेकडे कर्ज मागितलं, आणि घराची किंमत किती, घर वरचा मजला पेलेल का, हे बघायला बँकेने इंजिनीअर पाठवली.

तिचं नाव अनुजा. सुरतेतच वाढलेली मराठी पोरगी, बोलायला गोड आणि नजरेने कडक. तिने खोल्या मापल्या, गच्चीवर जाऊन आली, दारापुढच्या दोन कॉलमांवर मजबुती मोजायचा स्प्रिंगचा हातोडा दाबून आकडे टिपले. एका जागी प्लास्टर खरवडून आतल्या काँक्रीटचा रंगही पाहिला.

"काका, हे सगळं तुम्ही केलंय?"

"एकला, सोताना हातनं," वाल्मिक म्हणाला, आणि बायकोकडे बघून जरा वरमला. "म्हणजे, हाई व्हती खाले."

"चांगलं केलंय. या भागात इतकं नेकीचं काम मी फारसं बघत नाही. घराच्या वयाच्या मानाने मी बांधकामाला भाव चांगला लावते."

वाल्मिकचा चेहरा असा फुलला की सरलाबाईला तिकडे बघवेना. योगराजने लगेच मुद्द्याला हात घातला. "मंग वरचा मजला चालसे ना, मॅडम?"

"चालायला हरकत दिसत नाही," अनुजा म्हणाली आणि कागद काढला.

सरलाबाई बावीस वर्षं पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड तपासत होती. खालून दिवा लावलेल्या टेबलावरून ताका सरकायचा आणि तुटका धागा दिसला की ती खडूने खूण करायची. तिच्या खुणेने विणणाऱ्याचे पैसे कापले जायचे. लोक तिला मनातल्या मनात शिव्या घालायचे, पण तिची खूण खोटी होती असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. अशी बाई स्वतःच्या घरातलं भोक कोठीमागे झाकून बसली होती. गेले तीन दिवस ती वाल्मिकला सांगायला जात होती आणि तो बँकेची बाई येणार म्हणून गाणं गुणगुणत भिंतींना चुना देत होता. तीनदा ती परत फिरली. आता चौथी वेळ यायची नव्हती.

"थांब, बेटा," ती म्हणाली. "एक कॉलम ऱ्हाई गया."

तिने कोठीला खांदा लावला. कोठी भरलेली, हलेना. योगराज मदतीला येईना, तेव्हा तिने पाय भिंतीला टेकवला आणि पाठीने रेटली. कोठी करकरत हातभर सरकली.

अनुजाने वाकून कॉलमवर हातोड्याची मूठ वाजवली. पुढच्या कॉलमांचा आवाज खणखणीत होता, हा बद्द वाजला. तिने पुन्हा वाजवून पाहिलं. "प्लास्टर सुटलं असेल नुसतं. आत काय आहे ते फोडल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मना कॉलमले छिन्नी लावानी नई," वाल्मिक एकदम म्हणाला.

"मम्मी, मॅडम पास करी राहिन्यात," योगराज चिडला. "तू काबर आडवी पडस?"

"वर मनी नात झोपनार शे म्हणून," सरलाबाई म्हणाली आणि खाटेखालची छिन्नी-हातोडी तिने स्वतःच ओढून काढली.

चौथ्या घावाला ताटाएवढं प्लास्टर खाली आलं. आत खडी उघडी पडलेली, मधे बोट जाईल अशी भोकं. अनुजाने अंगठा फिरवला तशी रेती भुरभुर खाली सांडली. एक सळई लाल होऊन फुगली होती.

योगराज पुढे झाला. "चालसे, मॅडम. वरून मस्त प्लास्टर मारी देसूत. तुम्ही हाऊ पाह्यलाच नई, असं समजा."

"पाहिलाय," अनुजा म्हणाली. "या कॉलमवर मजला नाही चढणार. आणि किंमतही आता मी सांगितली तेवढी लिहिता येणार नाही."

वाल्मिक त्या भोकांसमोर उकिडवा बसला. त्याने सळईवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. "मी भरेल शे हाऊ," तो हळूच म्हणाला. "मनी चूक. लिही टाक, बेटा. ज्यानं बांधं त्यालेच अक्कल नव्हती."

सरलाबाईला कळलं की आता ती गप्प बसली तरी चालण्यासारखं आहे. मजला चढणार नव्हता, नात वाचली होती. चूक वाल्मिकने उचलली होती, आणि खालमानेने का होईना, तो ती मरेपर्यंत वागवणार होता. तिला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज तिला एकोणीस वर्षांत वाटली नव्हती.

"कॉलम तुम्हीन ओतेल शे," ती म्हणाली. "पन माल मना व्हता. शेवटली गोणी दगड निंघेल व्हती. मी ढेकळं कुटी कुटी टाकात, आन रेती वाढाई दिधी."

वाल्मिकने मान वर केली. "कितली गोणी?"

"अर्धी."

"आन तू इतला वरीस..."

"हां."

तो उठला आणि दारापर्यंत गेला. तिथेच पाठमोरा उभा राहिला. सरलाबाई रडत होती, पण हातातली हातोडी तिने खाली ठेवली नाही. तो वळला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. "माले एक हाक नई मारता उनी तुले? मी काय इतला वर चढेल व्हतू?"

सरलाबाईने पदराने तोंड पुसलं.

अनुजाने घसा साफ केला. घर पाडायची गरज नाही, ती म्हणाली. स्लॅबला टेके द्यायचे, सुटलेलं सगळं काढायचं, भोवती नव्या सळया बांधून कॉलम जाड भरायचा. महिन्याभराने ती पुन्हा येईल, तपासेल, आणि मग आकडा लिहील. "फक्त मिस्त्री चांगला बघा, काका. माल मापात पडला पाहिजे."

"मी आजच मिस्त्री लावस," योगराज म्हणाला.

"लाव," वाल्मिक म्हणाला. "टेके तो लावी, सळया तो बांधी. माल तुनी मायच कालवी."

"पप्पा! हाई इतलं व्हयनं तरी?"

"व्हयनं म्हणूनच. खराब माल काय करस, ते हिले जितलं माहीत शे तितलं कोन्हा मिस्त्रीले माहीत नई." तो सरलाबाईकडे आला, तिच्या हातातली हातोडी त्याने काढून घेतली आणि उरलेल्या प्लास्टरवर पहिला घाव घातला. दुसऱ्या घावाआधी तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पन यावेळे गोणी दगड निंघनी, ते हाक मारजो."

"मारसू," सरलाबाई म्हणाली.