पांढऱ्या फुलांचं झुडूप

थोरल्या नातीचं लग्न झालं, त्याच वर्षी माझ्या भाच्यानं वस्तीमागच्या पडीक जागेत बाग केली. मधमाश्या, फुलपाखरं परत यावीत आणि आपल्या लोकांची रानझाडं पोरांना कळावीत, म्हणून.

बाग उघडली त्या सकाळी मी ताईला, म्हणजे त्याच्या आईला, घेऊन गेलो. अक्षरं मी म्हातारपणी शिकलो, त्यामुळे पाटी वाचायला वेळ लागला.

"वाच की! तोवर फुलं गळतील," ताई म्हणाली.

"आपल्या... टेकडीवरची... झुडपं."

मान वर केली. जांभळ्या फुलांची रांग, माश्यांची गुणगुण, मधोमध एकच पांढरं झुडूप. ताईची नखं माझ्या दंडात रुतली.

"हे माझं आहे."

आमच्यात तान्हं मूल गेलं की टेकडीवर पुरतात; त्याच्यावर दगड ठेवत नाहीत, झुडूप लावतात. पुढं त्या मुलाचं नाव कुणी काढत नाही; मागून आलेल्या पोरांना तर ठाऊकही नसतं. मधमाश्या येतात-जातात, तेवढीच त्याला सोबत. ताईनं पांढरं लावलं होतं.

मागं एक म्हातारी मटकन खाली बसली. तिनंही आपलं ओळखलं असावं.

भाचा मातीचे हात झटकत, हसत आला. "आई, सगळी मी स्वतः खणून आणली. एक मूळ तुटू दिलं नाही! वर नुसती वाया चालली होती."

"पांढरं कुठं होतं?"

"कुणास ठाऊक. का गं?"

"त्याच्याखाली तुझी बहीण आहे."

त्याला थट्टा वाटली. तो हसतच माझ्याकडे वळला. मी होकाराची मान हलवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा, मला बहीण होती?"

मी टेकडीकडे बोट केलं.

ताईचे गुडघे कामातून गेलेले, तरी त्याचा खांदा धरून ती टेकडी चढली. वर एकही खड्डा नव्हता. त्यानं प्रत्येक खड्डा बुजवून, माती थापून सपाट केली होती. इतकं नीटनेटकं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

"इथं असेल... नाही, तिथं," तो म्हणत राहिला. ताईनं चपला काढल्या. पाऊल कुठं टाकावं, हेच तिला कळेना.

मुलगी गेली तेव्हा भाचा जन्मायचा होता. बाग उघडली त्याच वर्षी पानगळीत ताई वारली. तिला टेकडीवरच पुरलं. लेकीजवळ की लांब, ते आम्हांला ठाऊक नाही.