रजनीने आखलेले डोळे

कैलासशेठच्या लोणावळ्यातल्या गणपतीच्या कारखान्यात रंग कुणीही देई, पण डोळ्यांची आखणी मात्र रजनीचीच. यंदा तिच्या हातात काही राहिलंच नव्हतं. आषाढापासून मन असं खचलं होतं की जेवण गोड लागेना, अंघोळीला उठवेना. घरात एकटीच, विचारणार कोण? डोळे तिने आखले खरे, पण नुसते उरकले. शेवटची मूर्ती गेली त्या दिवशी ती घरी येऊन आडवी झाली ती झालीच. यापुढे ब्रश धरायचा नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

गणपती बसून चार दिवस झाले आणि कैलासशेठ दारात हजर.

"रजनी, तीन घरांतून फोन आलेत. बेडश्याचे सोपानआबा, एक तळेगावचे, एक आंदर मावळातले. बाप्पा आमच्याकडे बघत नाही म्हणतात. पाट फिरवला तरी नजर परत तिकडेच."

"तिकडे म्हणजे कुठे?"

शेठने मोबाइलवर नकाशा उघडला आणि एकेका घरावरून बोट ओढलं. तिन्ही वेळा बोट तिच्याच गल्लीत येऊन थांबलं. तो हसायला गेला, पण हसू काही धड आलं नाही. "इथे आहे तरी काय गं?"

इथे काय असणार, डोंबल! एक खाट आणि खाटेवर ती.

दुसऱ्या दिवशी ती बेडश्याला गेली. गेली म्हणजे काय, शेठने तिला गाडीत घातली. आबांकडे उत्तरपूजा आटोपली होती, मूर्ती नदीवर न्यायची तेवढी बाकी होती.

"आता हात लावाया हरकत न्हाई," आबा म्हणाले. "पाच दिस पूजा केली पोरी, पर त्यानं आमच्याकडं बगितलंच न्हाई. जाताना तरी बगू दे."

रजनी समोर बसली. कोपऱ्याला जरासे उतरलेले ओले डोळे तिच्याकडेच. ती खिडकीशी सरकली. बुबुळं हलताना कुणी पाहिली नाहीत, पण नजर खिडकीशी आली होती. ती मागच्या दाराशी गेली, तशी आबांची बायको नंदाबाई पुटपुटली, "अगं बया! आता मागल्या दाराकडं!"

रजनी घाबरली, खोटं कशाला सांगा. पण भीतीपेक्षा तिला रडूच जास्त आलं. दोन महिन्यांत तिच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं, आरशात तिने स्वतःसुद्धा नाही. आता ही नजर आपल्याच हाताने काढून या लोकांना द्यायची? आणि नाही दिली, तर तासाभरात ती मूर्तीबरोबर नदीत बुडणार. मग आपल्याकडे बघणारं कोण उरणार होतं?

"काढ पोरी, येळ व्हतोय," आबा म्हणाले.

तिने काळा रंग कालवला. "बस झालं माझ्याकडे बघणं. आता ह्यांच्याकडे बघ," ती मूर्तीच्या कानाशी म्हणाली आणि श्वास रोखून तिने बुबुळं पुन्हा आखली. हात जरासुद्धा अडखळला नाही.

"बगतोय! बगतोय गं!" आबा लहान पोरासारखे ओरडले.

रजनी उठून डावीकडे गेली, उजवीकडे गेली. नजर हलली नाही. झालं, संपलं. ती अंगणात येऊन चपला घालू लागली. पाठीला काहीतरी जाणवलं म्हणून वळली.

घरातली सगळी माणसं दारात उभी होती. आबा, नंदाबाई, दोन्ही सुना, कडेवरचं तान्हं पोरसुद्धा. कुणाची पापणी लवत नव्हती. ते त्यांचे डोळे नव्हतेच. कोपऱ्याला जराशी उतरलेली ती ओली नजर रजनीनेच आखलेली होती.

"किती वाळलीस गं पोरी," नंदाबाई म्हणाली. "नदीवर मागनं जाऊ. आदी तू जेव."

रजनीने चपला काढल्या आणि ती पानावर बसली. ते सगळे बघत राहिले, आणि ती पोटभर जेवली.