तीन अंशांची लाज

मी एक जुना थर्मामीटर आहे. तापाचा नव्हे. तो माझा धाकटा चुलतभाऊ. तो लोकांच्या काखेत राहतो आणि त्याचा त्याला बराच तोराही आहे. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला, शून्यापासून एकशे दहापर्यंतचे आकडे अंगावर गोंदवून घेतलेला. मित्रांनो, आत्मवृत्तात सांगण्यासारख्या गोष्टी सांगायच्या असतात. मी सांगणार आहे ती न सांगण्यासारखी आहे.

माझा जन्म एका काचकामगाराच्या फुंकरीतून झाला. त्याने माझ्या पोटात पारा भरला, बर्फात बुडवून शून्याची खूण केली, उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून शंभराची केली आणि मधल्या जागेचे शंभर सारखे भाग पाडले. इतकी बिनतक्रार वाटणी मी पुढे सख्ख्या भावांतही ऐकली नाही.

शाळेत मी काकांच्या ताब्यात आलो. काका म्हणजे प्रयोगशाळा सहायक. ते मला कापसात गुंडाळून ठेवत आणि दर सोमवारी सकाळी माझी हजेरी घेत. आधी बर्फात, मग उकळत्या पाण्यात. पारा शंभरावर टेकला की म्हणत, "शाब्बास पठ्ठ्या!" अशी बावीस वर्षे गेली. एवढे कौतुक कुणाच्याही डोक्यात जाईल. माझ्या तर डोक्यात दुसरे काही नव्हतेच.

माझे काम म्हणजे द्रवांच्या निरोपाला उभे राहायचे. द्रवाचे रेणू एकमेकांना धरून असतात आणि उष्णता त्यांना "निघा आता" म्हणत असते. पाण्याचा रेणू अंगाने किरकोळ, पण माया दांडगी. एकेक जण आजूबाजूच्या चौघांना धरून. काही पाहुणे "येतो हं" म्हणून दारात तासभर बोलत उभे राहतात ना, तसेच. शंभर अंशांपर्यंत पाण्याचा घोळका काही फुटत नाही. अल्कोहोलचा रेणू वजनाने पाण्याच्या अडीचपट. पण पाण्यासारखे धरायला त्याला एकच टोक, बाकी सगळे तेलकट शेपूट. म्हणून तो अठ्ठ्याहत्तरलाच चपला घालतो.

विरघळण्याचेही तसेच. तेलाला पाण्याचा हात धरता येत नाही, म्हणून ते वर तरंगत बसते, अनोळखी लग्नात शिरलेल्या माणसासारखे. अल्कोहोल मात्र त्या एका टोकाच्या ओळखीवर पाण्यात असे मिसळते की कोण कुठले ते डोळ्यांना कळत नाही. बाटलीत तेल घातले तर ते वर येऊन चुगली करते. पाणी घातले तर कुणाला पत्ताही लागत नाही. फक्त उकळण्याचा आकडा वर सरकतो, आणि तिथे माझाच शब्द चालतो. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथेच झाला.

त्या सोमवारी काका रजेवर होते. काकूंच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. विज्ञानाच्या सरांना मुले 'बिनचूक सर' म्हणत. त्यांनी मला बाहेर काढले. पारा तिशीवर उभा होता. तो खाली आणावा म्हणून सरांनी मला तापाच्या थर्मामीटरसारखे तीनदा झटकले! चुलतभावाला ते सोसते, त्याची नळी तशीच बनवलेली असते. माझ्या पोटात पाऱ्याची तार तुटली. तांदळाच्या दाण्याएवढी फट पडली आणि वरचा पारा तीन अंश चढून बसला. मला कळले होते. सांगायला तोंड नव्हते, ही एकच सबब आजवर मी स्वतःला देत आलो आहे.

मंगळवारी काका आले. "सर, याची हजेरी राहिलीय. पाच मिनिटं द्या."

"थर्मामीटर काय पळून जातोय का, काका? आणा इकडे."

गरम पाण्याच्या भांड्यात नळी, नळीत अल्कोहोल, अल्कोहोलमध्ये मी. बुडबुडे आले. पहिल्या बाकावरच्या चिमणीने, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलीने, आकडा वाचला. "एक्क्याऐंशी, सर."

"पुस्तकात अठ्ठ्याहत्तर आहे." सरांनी बाटलीकडे पाहिले, मग काकांकडे. "काका, यात पाणी कुणी घातलं?"

"कुणी नाही, सर."

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडेच."

मागच्या बाकावरून कुजबुज आली, "काका आधी घ्यायचे म्हणे."

ते खरे होते. अकरा वर्षांपूर्वी काकांनी दारू सोडली, तेव्हा मुख्याध्यापकबाईंनी मुद्दाम त्यांच्याच हाती अल्कोहोलच्या कपाटाची किल्ली दिली होती. त्या दिवसापासून काका ती शर्टाच्या आत, गळ्यात घालत. त्यांनी ती काढली आणि टेबलावर ठेवली.

"उद्या हिच्या डोळ्याची पट्टी निघतेय," ते म्हणाले. "पहिल्यांदा मलाच बघणार आहे." आणि निघून गेले. मी वाफेत ताठ उभा होतो, एक्क्याऐंशी दाखवत.

दुसऱ्या दिवशी सरांनी तुलनेसाठी पाणी उकळायला ठेवले. चिमणीने वाचले, "एकशे तीन."

"नीट बघ."

"नीटच बघतेय, सर. पाण्यात पण कुणी पाणी घातलं का?"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला खिडकीशी धरले. फट दिसली. त्यांनी ती मोजली, तीन अंश. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "सोमवारी मी हा झटकला होता."

शाळा सुटल्यावर मला खिशात घालून ते काकांच्या घरी गेले. काळा चष्मा लावलेल्या काकूंनी दार उघडले.

"डोळा कसा आहे, वहिनी?"

"स्वच्छ दिसतंय आता सगळं," काकू म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा."

काकांनी मला हातात घेतले, फटीवर नजर टाकली. "बर्फात मीठ घालून त्यात धरा. पारा पोटात उतरला की सांधला जाईल." मला वाटले, ते मला रागवतील. त्यांनी मला नुसते परत दिले. सरांनी किल्ली पुढे केली, तर म्हणाले, "ही मी चाळीस पोरांसमोर ठेवली होती, सर. इथे कशाला देता?"

दुसऱ्या दिवशी सरांनी चाळीस पोरांसमोर ती त्यांच्या हातात दिली आणि माफी मागितली.  मला तेही जमले नाही. काकांनी किल्ली पुन्हा गळ्यात घातली आणि मला मीठ घातलेल्या बर्फात बसवले. पारा जुळला.

मित्रांनो, मला झटकू नका, माझ्याने काही ढवळू नका. आणि माझ्या भरवशावर कुणाच्या इमानाचा निकाल लावण्याआधी मला एकदा उकळत्या पाण्यात घालून विचारा. मला भाजत नाही. पाच मिनिटे लागतात. काका तेवढीच मागत होते.

सोमवारची हजेरी अजून होते. पारा अगदी शंभरावर टेकतो. काका मला खिडकीशी धरून फट शोधतात, आकडा वहीत लिहितात, पुसून कापसात ठेवतात. 'शाब्बास पठ्ठ्या' म्हणायचे तेवढे राहून जाते. मी आठवण करून देत नाही.