थांब्यासमोरचं सलून

वस्तीत लाइट रेलचं स्टेशन यावं म्हणून सर्वांत जास्त घसा कोणी कोरडा केला असेल, तर तो बसथांब्यासमोरच्या न्हाव्याने. इतका, की लोक त्याला ‘स्टेशनमास्तर’ म्हणू लागले आणि तोही ओ देऊ लागला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण धोंडा मंजूर व्हावा म्हणून सभेमागून सभा गाजवणारा हा एकटाच.

वस्ती तशी विकसनशील. म्हणजे रस्ता आज खणायचा, उद्या बुजवायचा आणि कशासाठी खणला होता ते बघायला परवा पुन्हा उकरायचा. इमारतींना बागांची नावं आणि बागेच्या जागी सिमेंटच्या गोण्या. बस यायची, पण तिच्या मर्जीने. तोवर माणसं थांब्यावर ताटकळायची, आणि ताटकळलेला माणूस समोर बघतो तर काय, न्हाव्याची रिकामी खुर्ची.

या उशिरावरच न्हाव्याने आपली सगळी कला बेतली होती. आरसा असा तिरका लावलेला, की कापता कापता कोपऱ्यावरून वळणारी बस दिसावी. आधी एक बाजू संपवून मग दुसरी, असला प्रकार त्याच्याकडे नव्हता. दोन्हीकडून थोडं थोडं कापायचं, म्हणजे मध्येच बस आली तरी गिऱ्हाईक उठून चारचौघांत जाऊ शकेल. उरलेलं दुसऱ्या दिवशी. काही डोकी तर महिनोन्‌महिने पुरी कापली गेलीच नव्हती, आणि तरी खूश होती.

मग सभा भरली. अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवायला आले. चित्रातल्या वस्तीत झाडं होती आणि झाडांखाली गोरीगोमटी माणसं विनाकारण हसत होती. न्हावी उठला.

“साहेब, माणसांचे हाल बघवत नाहीत हो! गाडी कशी, एक गेली की लगेच दुसरी पाहिजे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. न्हाव्याचा हिशेब सरळ होता. स्टेशन आलं की गर्दी येणार, गर्दीला डोकी असणार आणि डोक्यांवर केस. साहेबांनी मागणी तिथल्या तिथे मान्य केली. सरकारदरबारी इतक्या चटकन काही मान्य झालं, की खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं.

स्टेशन झालं. काचेचं, चकचकीत, जिना थेट सलूनसमोर. उद्घाटनाला आलेले पाहुणे म्हणाले, वस्तीचा चेहरामोहरा बदलेल. ते काम आपल्याकडेच येणार असं वाटून न्हाव्याने दुसरी खुर्ची आणली.

गर्दी आली, अगदी कबूल केल्याप्रमाणे. जिन्यावरून लोंढा उतरायचा आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत पसार व्हायचा. थांबायला कुणाला सवडच उरली नाही. बसथांबाही उखडून नेला. एकदा जुनं गिऱ्हाईक असलेला वायरमन मान खाली घालून निघाला होता, त्याला न्हाव्याने हटकलं. डोकं कसं सुबक कापलेलं, आणि पूर्ण.

“कुठं कापून घेतले?”

“पुढच्या स्टेशनात. आत थंडगार असतं हो. आणि तुमच्या कृपेने आता जायला वेळच लागत नाही.”

न्हाव्याला तो टोला सहन झाला नाही. दोन्ही खुर्च्या पुसून हात दुखले होते, आणि असंच चाललं तर सलूनला टाळं लागणार हे त्याला स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्याने ठरवलं, पुन्हा सभेत उठायचं. ज्या तोंडाने गाड्या मागितल्या त्याच तोंडाने कमी करा म्हणायचं. सभेत बोलणाऱ्याला एवढं तर जमायलाच हवं.

संध्याकाळी त्याने भाषणाची तालीम बायकोपुढे केली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. पूर्वी ती घरी पोचायची तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकलेली असत. आता खिडकीत उजेड असतानाच ती पाय पसरून शेंगा सोलत बसली होती.

“ही घाई माणसाला शोभत नाही,” न्हावी हातवारे करत म्हणाला. “घटकाभर थांबलं की चार शब्द बोलणं होतं, ओळखी वाढतात. कसं वाटतंय?”

“छान. टाळ्या मिळतील.”

“मग तूही ऊठ माझ्या बाजूने. कामावर जाणारी बाई म्हणून तुझ्या शब्दाला वजन येईल.”

तिने शेंगा बाजूला ठेवल्या. “अहो, मी कामावरून सुटायची ना, तिथल्या थांब्यासमोरही एक सलून होतं.”

“असं? कधी बोलली नाहीस.”

“काय बोलायचं? धंदा जोरात चालायचा. बस आली नाही की पुरुष आत जाऊन पंख्याखाली बसायचे. आम्ही बायका बाहेर. दिवसभर इस्त्रीपुढे उभ्या, वर तिथं उभ्या. पोटऱ्यांत गोळे येऊन रडू फुटायचं. मला त्या न्हाव्याचा इतका राग यायचा! बिचाऱ्याचं काही चुकत नव्हतं. पण बसला उशीर झाला की तो हसायचा.”

न्हाव्याचं हातवारे करणं थांबलं. आपण कधी हसलो होतो का, ते तो आठवू लागला.

“मग मी काय करू?” त्याने विचारलं. “सलून बंद करू?”

“ते मला नाही ठाऊक,” ती म्हणाली आणि शेंगा पुन्हा पुढ्यात ओढल्या. “पण सभेत मी उठले, तर अजून एक गाडी मागायला उठेन. सकाळची फार भरून येते.”