पाण्यावरून आलेली जमीन

मित्रांनो, जरा पायाखाली बघा. बोलतेय ती मी, इंदापुरातल्या बांगड्यांच्या दुकानावरची, माडीची सागवानी जमीन. फरशी नव्हे हो! तिला काय, थंडगार पडून राहायचं. माझ्या जिवात नदी आहे.

आधी मी नाव होते. नरसिंहपूरला भीमा-नीरेच्या संगमावर शेरडं, म्हातारी माणसं, नव्या नवऱ्या, सगळ्यांना पैलतीरी नेलं. मग पूल झाला आणि मला कुणी विचारीना. तेव्हा या घरच्या मालकीणबाई जरिनाबाई, तिच्या सासऱ्यांनी माझ्या फळ्या सोडवल्या, रंधा मारून सरळ केल्या आणि इथं अंथरल्या. अजूनही दुपारी खिडकीतलं ऊन अंगावर हललं, की वाटतं खालून पाणीच चाललंय.

जरिनाबाईला माझा भारी तोरा. आल्यागेल्याला ऐकवायची, "नावेचं लाकूड हाय. पाण्याला भीत न्हाय!"

सून शबीना घरात नवी. तिनं ते खरं धरलं. ईदच्या सफाईला बादल्या ओतून मला खराट्यानं घासलं. फटीफटीतून पाणी शिरलं. मी फुगले, फळ्यांच्या कडा उचलल्या, दार अडकलं.

"अम्मी, आता उखडूनच टाकू," मुलगा रसूल म्हणाला. "सोमवारी मिस्त्री येतोय फरशी बसवायला."

शबीना रडवेली झाली. "तुमीच म्हनला व्हता, पाण्याला भीत न्हाय."

बोलण्यात कुणाला हार न जाणारी जरिनाबाई पुढं झाली. ती खाली बसली, माझ्यावर हात फिरवला.

"खरं हाय, पोरी. पन नाव नदीत जायच्या आधी दर साली तेल-राळ पिऊन जायची. तेवढं सोडून मी निसती फुशारकी मारली." मग रसूलकडं वळली. "आन् तुला रं? सर्दी झाली की नाक कापतोस व्हय? मिस्त्रीला म्हनावं, घरी झोप."

खिडक्या उघडल्या, पण उन्हानं तडकू नये म्हणून पडदे ओढले. मी सावकाश सुकत गेले. स्वप्नात पूर ओसरत होता, काठ दिसत होता. एक दिवस दार आपसूक मिटलं आणि रसूलनं फरशीचा विषय सोडला. मग सासू-सुनेनं मऊ फडक्यानं जवसाचं तेल चोळलं, उरलेलं पुसून घेतलं. मला ओरखडे नकोत म्हणून पलंगाच्या पायांखाली शबीनानं गोधडीचे तुकडे घातले. खिडकीजवळची एक फळी मात्र अजून किंचित वर आहे. असू दे. म्हातारीला एवढी ऐट शोभते.

परवा शेजारीण म्हणाली, "नावेचं लाकूड ना? मग घाल की पाणी."

शबीना फणकारली, "पाण्यातनं सुटून आलंय ते. परत कशाला बुडवू?"

जरिनाबाई गालातल्या गालात हसली. सून तोंडानंही घरचीच झाली होती!

मित्रांनो, ज्याचा तोरा मिरवता, त्याची निगाही राखा. माझ्यावरची रेती रोज झाडा, फडकं घट्ट पिळून फिरवा, साल सरलं की तेल पाजा. आणि चपला दाराशी काढून या. बसा. खिडकीत ऊन हलायला लागलंय. नाव सुटायच्या बेतात आहे.