घासून पांढरी केलेली कढई

मी एक जुनी बिडाची कढई आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गरीब स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते. मी तशी नाही. माझं वजन पाच किलो आहे आणि माझा रागही त्याच मापाचा आहे.

ओतशाळेत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं, साचा फोडला आणि मी बाहेर पडले. तेव्हा मी राखाडी आणि खरखरीत होते. कारागिराने माझ्या कानावर टिचकी मारून नाद ऐकला आणि म्हणाला, "ही तीन पिढ्या टिकेल. फक्त हिला नीट माणूस मिळू दे." मला आत्या मिळाली.

आत्या शिवणाच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर बसायची. तिने लग्न केलं नाही. ती भावाच्या घरी राहायची. भाऊ-भावजय संध्याकाळपर्यंत कामावर असत आणि आत्याची सकाळची पाळी दुपारी सुटे, म्हणून त्यांच्या मुलाला तिनेच वाढवलं. हा मुलगा तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याला सगळे घुम्या म्हणत. याला लक्षात ठेवा, कारण माझ्या रागातला मोठा वाटा याचा आहे.

आत्याने मला तेल पुसून तापवलं, निववलं, परत तेल पुसलं, परत तापवलं. असं चार महिने केल्यावर माझ्या अंगावर काळा तुकतुकीत थर धरला. बिडाची सगळी अब्रू या थरात असते. तो असला की काही चिकटत नाही. आत्याने मला साबण कधी दाखवला नाही. कोमट पाणी, फडकं आणि तेलाचं बोट, एवढ्यावर तिने मला चाळीस वर्षं सांभाळलं.

एकदा बाजार तीन दिवस बंद होता. घुम्या आणि शेजारची चार पोरं भुकेने स्वयंपाकघरात घुसली. घरात कालचा भात, वाटीभर डाळ आणि पावाच्या वाळलेल्या कडा एवढंच होतं. आत्याने भात-डाळ कालवली, कडा कुस्करून घातल्या, लोणच्याच्या बरणीच्या तळाचा खार त्यात ओतला आणि चपटे गोळे करून माझ्यात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजले. पोरांनी विचारलं, "आत्या, हे काय आहे?"

"विचारू नका," आत्या म्हणाली, "खा मुकाट्याने."

पोरांनी ताटं चाटूनपुसून साफ केली आणि त्या पदार्थाचं नाव 'विचारू नका' पडलं. पुढे घरात सगळे सहज म्हणत, आज विचारू नका कर, मला अजून एक विचारू नका वाढ.

त्याची कृती अशी नव्हतीच. फडताळ उघडायचं आणि एक ओलं, एक कोरडं, एक झणझणीत असं हाताला लागेल ते काढायचं. उकडलेला बटाटा, भिजवून उरलेले हरभरे, सुरकुतलेला टोमॅटो, बिस्किटांचा चुरा, चटणीची वाटी धुऊन घेतलेलं पाणी. दोनदा सारखं कधी झालं नाही. एकदा तर फ्लॉवरचे दांडे आणि टोस्टचा चुरा एकत्र आले, तेव्हा शेजारीण वास घेत ताटली घेऊन दारात उभी राहिली. त्या घरात अन्नाचा कण वाया जात नव्हता आणि मला मान होता.

मग, भाऊ-भावजय वारल्यावर, घुम्याचं लग्न झालं. सून औषधांच्या दुकानात कामाला होती, बोलायला मऊ, कामाला चटपटीत. आठवड्याभरात आत्याने तिच्यासाठी मुद्दाम मला चढवलं. सुनेने दोन गोळे खाल्ले, तिसरा घेतला आणि विचारलं, "आत्या, ह्याला काय म्हणतात?"

आत्या खुशीत होती. म्हणाली, "विचारू नका."

जेवायला बोलावलेली शेजारची मंडळी हसली. सून हसली नाही. आता तिच्या जागी बसून बघा. कालपर्यंत तिला 'अगं' म्हणणारी आत्या एकदम 'नका'वर आली. मोठी बाई नव्या सुनेला अहोजाहो करू लागली की तो मान नसतो, टोमणा असतो, हे कुणीही सांगेल. तिला वाटलं, विचारायचा अधिकार मला नाही, असं हिने चारचौघांत सुनावलं. घुम्या तिच्या शेजारी बसला होता. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. तो जेवत राहिला.

सून त्या दिवसापासून आत्याला काही विचारेनाशी झाली. ती तुटक बोलते म्हटल्यावर आत्यालाही वाटलं, हिला आपली सलगी नको असेल. मग तीही खरोखरच सुनेला 'तुम्ही' म्हणू लागली. एका स्वयंपाकघरात दोघी बायका सहा वर्षं परक्यासारख्या वागल्या. आणि विचारायचं नाही, तर उरलेल्याचं करायचं काय? सून ते केराच्या डब्यात टाकू लागली. मी खुंटीवर टांगलेली सगळं बघत होते. लोखंडाला तोंड नसतं, याची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

एके दिवशी आत्याला केरात पातेलंभर भात दिसला. ती म्हणाली, "हा मला द्यायचा होता, सूनबाई. तुम्हाला काय करायचं कळत नसेल तर निदान सांगायचं."

सून म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, विचारू नका."

आत्याला वाटलं, ही माझ्या पदार्थाची टर उडवते आहे. पुढच्या आठवड्यात ती कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडे कायमची राहायला गेली. घुम्याने तिची ट्रंक उचलून दिली. तोंड उघडलं नाही. मी जड, म्हणून मला मागे ठेवलं.

यानंतर जे झालं ते सांगताना माझा आजही तोल जातो. सुनेच्या दुकानातल्या मैत्रिणींनी फोनवर पाककृतींची स्पर्धा काढली, विषय उरलेल्या अन्नाचे नवे प्रकार. सुनेने काय करावं? फ्रिजमधला खरा शिळा भात चिकट दिसतो म्हणून तिने टाकून दिला. ताजा भात लावला आणि तो शिळा दिसावा म्हणून पंख्याखाली पसरून वाळवला. मग मी जुनी आणि दिसायला छान म्हणून मला खाली काढलं. माझा काळा थर तिला मळ वाटला. तारेची घासणी, साबण आणि लिंबू घेऊन तिने मला तासभर घासलं. चाळीस वर्षांची कमाई मोरीतून वाहून गेली आणि वर ती म्हणाली, "किती घाण साचली होती."

त्या भाताचे गोळे माझ्यात पडले आणि असे चिकटले की उलथन्याने खरवडून काढावे लागले. माझी त्यात काय चूक? सूनबाईंनी मला भंगाराच्या पोत्यात टाकलं आणि तो चुरा नवऱ्याला वाढला. घुम्याने दोन घास खाल्ले आणि आयुष्यात पहिल्यांदा जेवताना आपण होऊन बोलला.

"आत्याच्या विचारू नकाची सर नाही ह्याला."

सुनेचा हात थांबला. "कशाची?"

"विचारू नकाची. तो आत्याचा पदार्थ. नावच आहे ते. लहानपणी आम्ही विचारलं होतं, हे काय म्हणून..."

सून खाली बसली. मग म्हणाली, "तुला माहीत होतं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," घुम्या म्हणाला.

त्या क्षणी मला पाय असते तर मी पोत्यातून उठून त्याच्या डोक्यात बसले असते.

दुसऱ्या दिवशी सून मला पिशवीत घालून आत्याच्या मैत्रिणीकडे घेऊन गेली. दोन जिने चढताना तिला धाप लागली. आत्याने दार उघडलं, पिशवीतलं माझं पांढरं पडलेलं तोंड बघितलं आणि तिचा पारा चढला.

"अगं बये, काय केलंस हे? बिडाला तारेची घासणी लावलीस? कुणी शिकवलं तुला? अक्कल गहाण ठेवली होतीस का?"

सून उंबऱ्यातच रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "आत्या, अजून बोला."

मग तिने सगळं सांगितलं. आत्या ऐकत राहिली आणि माझ्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "मी परत नाही येणार, गं. आता गुडघे घर बदलू देत नाहीत. तू येत जा. येताना उरलेलं आण."

सून दर सुट्टीला डबे घेऊन येते आणि आत्या तिला ओलं, कोरडं, झणझणीत शिकवते. मी इथेच आहे. मला पुन्हा तेल पुसणं चालू आहे.

मित्रांनो, शेवटी चार शब्द सांगायची रीत आहे, म्हणून सांगते. बिडाला साबण लावू नका. भात टाकण्याआधी फडताळ उघडून बघा. आणि घरात नवं माणूस आलं की तुमच्या घरातले शब्द त्याला पहिल्याच दिवशी समजावून द्या, खाली मान घालून जेवत बसू नका. माझा थर चार महिन्यांत परत येईल. आत्या शहात्तर वर्षांची आहे. तिची सहा वर्षं कुठून आणणार, सांगा.