सीलबंद जोड

निरीक्षकांनी सबवूफर आधी काट्यावर चढवला. न्हाणीघरातला वजनकाटा त्यांनी सकाळीच बैठकीच्या खोलीत आणून ठेवला होता. गाण्यातला ढोलासारखा खालचा आवाज भरणारी ती काळी चौकोनी पेटी त्यावर नीट बसल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून आकडा वाचला.

"छापलंय बावीस किलो. भरतंय साडेएकवीस."

"पॅकिंग धरून बावीस असेल, साहेब," टेक्निशियन म्हणाला. पेटी बसवून द्यायला दुकानाने पाठवलेला हा पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस होता.

'असेल' या शब्दावर निरीक्षकांचा जुना राग होता. वजनमाप खात्यात तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, आणि त्या तीस वर्षांत 'असेल' म्हणणारा एकही माणूस धुतल्या तांदळासारखा निघाला नव्हता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. निरीक्षक तोंड पोळायची वाट बघत नसत, आधीपासूनच फुंकत. निवृत्तीनंतर फुंकायला घरची माणसं तेवढी उरली होती.

हा सबवूफर निवडताना त्यांनी चार दुकानदारांना घाम फोडला होता. एकाचा नुसताच धडधडत होता, त्याला सूर म्हणून नव्हता. दुसऱ्याच्या पेटीला हवेसाठी भोक होतं, तर आत काय चाललंय आणि बाहेर काय येतंय याचा मेळ लागत नाही म्हणून ती नापास झाली. शेवटी चहूबाजूंनी बंद असलेली ही पेटी पसंत पडली.

मुळात ती हवी होती कशाला, तर दादाच्या खोक्यांत दम नव्हता म्हणून. थोरला भाऊ सुतार. नऊ वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा त्याने धाकट्यासाठी स्वतःच्या हाताने दोन स्पीकर बनवले. दिसायला देखणे, पण आवाज पातळ. गाणाऱ्याचा गळा पोकळ यायचा आणि ढोल वाजला की पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाटायचं. निरीक्षक चारचौघांत म्हणाले होते, "दादाने लाकडात हात मारलाय." ते दादाच्या कानावर गेलं. तो येऊन, गुडघ्यावर बसून सगळं बघून गेला आणि पुन्हा आला नाही. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाशी त्यानंतर बोलणं नव्हतं.

टेक्निशियनने पेटी उचलली आणि थेट निरीक्षकांच्या खुर्चीवर ठेवली.

"तिथे मी बसतो," निरीक्षक म्हणाले.

"म्हणूनच. तुमच्या जागी पेटी ठेवायची आणि आपण भिंतीकडेने फिरत ऐकायचं. जिथे आवाज भरीव येईल, ती पेटीची जागा."

संगीत लावून तो जमिनीवर ओणवा झाला आणि रांगू लागला. निरीक्षकांनी थोडा वेळ बघितलं, मग दुसऱ्याच्या कानावर कशाला विसंबायचं म्हणून तेही त्याच्यामागे रांगू लागले. कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या बायकोने पदर तोंडाला लावला.

दाराजवळच्या कोपऱ्यावर दोघांचं एकमत झालं. पेटी तिथे गेली. टेक्निशियन आता डावीकडच्या स्पीकरपाशी थांबला आणि त्यावर बोटाच्या पेराने टकटक करू लागला.

"हे कुणी बनवलंय?"

"का?"

"पक्का हात आहे. आतून आधार दिलेत, लाकूड जराही घुमत नाही. असं काम कोण करतं हल्ली?"

निरीक्षकांनी बायकोकडे बघितलं. तिचे हात एका टॉवेलवर थांबले होते. जावांचं आपसात काही शिजत होतं का? हा माणूस दुकानाने पाठवला होता की दादाने?

"तुम्ही राहता कुठे?"

"स्टेशनपलीकडे."

"इकडे कुणी सुतार ओळखीचा?"

"नाही बुवा."

"एकही नाही? तुमच्या धंद्यात असून?"

टेक्निशियन पुन्हा कामाला लागला. पेटीमागे उलट-सुलट करायचं एक बटण होतं. त्याने निरीक्षकांना खुर्चीत बसवलं, नुसता डावा स्पीकर लावला आणि बटण इकडून तिकडे केलं. सुलट ठेवल्यावर आवाज भरला. मग नुसता उजवा लावला, तर उलट ठेवल्यावर भरला. त्याने डोकं खाजवलं.

"साहेब, तुमचे दोन स्पीकर एकमेकांशी भांडतायत. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मग खालचा आवाज राहणार कुठून?"

"म्हणजे खोकी सदोष आहेत," निरीक्षक म्हणाले. नऊ वर्षं हेच तर ते सांगत होते.

टेक्निशियनने खिशातून एक साधा सेल काढला. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागून डाव्या स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि सेलला टेकवल्या. स्पीकरचा पडदा टप् करून पुढे आला. उजव्याच्या तारा तशाच टेकवल्या. त्याचा पडदा आत गेला.

"पुन्हा," निरीक्षक म्हणाले.

पुन्हा तेच झालं. त्यांनी कपाटातून स्वतःचा नवा सेल आणून दिला. तरी तेच.

"आता थेट खोक्याला लावून बघू." टेक्निशियनने उजव्या स्पीकरच्या पाठीवरच सेल टेकवला. पडदा पुढे आला. "खोकं बरोबर आहे. उलटापालट मधल्या वायरीत झाली असणार."

या वेळी 'असणार' निरीक्षकांना टोचलं नाही. ते टॉर्च घेऊन वायरीमागोमाग रांगत निघाले. खिडकीखाली, कपाटाच्या मागे वायर संपत होती आणि तिला दुसरी जोडली होती. अलीकडची लाल-काळी, पलीकडच्या दोन्ही तारा काळ्याच. जोडावर कागदाची चिठ्ठी गुंडाळली होती, वर लाखेचं सील. 'तपासले', खाली तारीख, खाली सही.

सही त्यांचीच होती. वायर कमी पडली तेव्हा इलेक्ट्रिशियनवर विश्वास नाही म्हणून त्यांनीच ती जोडली होती, आणि पुढे कुणी छेडछाड करू नये म्हणून सील ठोकलं होतं.

दादा तेव्हा इथवरच आला होता. असाच, गुडघ्यावर. "हा जोड उघडून बघू का?" त्याने विचारलं होतं. आणि निरीक्षक खुर्चीत बसूनच म्हणाले होते, "माझं सील आहे ते. सील तोडणं गुन्हा असतो."

"तुझं आहे म्हणून तर विचारतोय," असं म्हणून दादा उठला होता.

निरीक्षकांना भयंकर लाज वाटली. कपाटामागून निघायला त्यांनी नको तितका वेळ लावला.

"जोडाला हात लावायची गरज नाही," टेक्निशियन म्हणाला. "इथे अ‍ॅम्पपाशीच तारा फिरवतो. कुणाला कळायचंही नाही."

त्याने तारा फिरवल्या आणि सबवूफर न लावताच रेकॉर्ड लावली. ढोल वाजला आणि कपाटातले पेले किणकिणले. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे, मोकळ्या भिंतीसमोर, गाणारा माणूस येऊन उभा राहिला. बायकोच्या मांडीवरचा टॉवेल खाली पडला, तरी तिने तो उचलला नाही.

निरीक्षकांनी अख्खं गाणं ऐकलं. नऊ वर्षं हा आवाज त्या खोक्यांत होता, आणि खरंच, कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

"होतं तसं करा," ते म्हणाले.

"काय?"

"तारा होत्या तशा लावा."

"अहो, आता तरी..." बायको उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला होता.

निरीक्षकांनी हाताने तिला थांबवलं आणि फोन उचलला. नंबर त्यांना शोधावा लागला नाही. पलीकडे रंध्याचा खरखराट चालू होता.

"कोण?"

"मी."

खरखराट थांबला.

"दादा, तो खिडकीखालचा जोड... उघडायचाय."

दादाने रंधा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "त्याला सील आहे ना?"

"आहे. माझंच आहे." निरीक्षकांनी खिडकीकडे बघितलं. "तोडायला तू ये."

बायकोने वाटेतला वजनकाटा उचलला आणि न्हाणीघरात नेऊन ठेवला.